आठ तारांचा युकुलेले, आवाक्यातल्या पैशांत: सोलापुरात बसून निवड कशी करावी

आई तानपुरा लावायला बसली की मधल्या दोन तारा जुळेपर्यंत कुणाशी बोलायची नाही. षड्जाच्या त्या दोन तारा म्हणजे जोड. त्या एकमेकींत विरघळल्या की खोली भरून जायची, आणि केसाएवढ्या सरकल्या की सगळा सूर अस्वस्थ व्हायचा. आठ तारांचा युकुलेले पहिल्यांदा मांडीवर घेतला तेव्हा मला तीच खोली आठवली. तानपुऱ्यात एक जोड असते, इथे चार आहेत.

म्हणून या लेखात मी एकाच गोष्टीवर अडून बसणार आहे. स्वस्तातला आठ-तारी निवडताना या चार जोड्या जुळतात का आणि जुळल्या तर तासभर टिकतात का, हे आधी बघायचं. लाकडाचं नाव, कडेची नक्षी, चकाकी या गोष्टींचे पैसे त्यानंतर. हे शहाणपण मला पहिला युकुलेले वाया घालवल्यावर आलं. तो ऑनलाइन घेतला होता, फोटोत देखणा होता, आणि पहिल्याच मे महिन्यात त्याचा ब्रिज, म्हणजे तारा जिथे बांधतात ती फळीवर चिकटवलेली पट्टी, मागच्या कडेने उचलला गेला.

वाद्याची ओळख

युकुलेले हवाई बेटांवर घडला. १८७९ साली पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून मजुरांचं एक जहाज होनोलुलूला पोचलं. त्यात लाकूडकाम जाणणारे काही जण होते, आणि त्यांच्या गावाकडच्या छोट्या तंतुवाद्यातून हा प्रकार तयार झाला. जोडतारांचे युकुलेलेही जुनेच. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने 'टारोपॅच' या नावाने आठ तारांची वाद्यं बनवली होती. होनोलुलूची कामाका ही १९१६ पासूनची घराण्याची कंपनी आठ-तारी टेनर (टेनर हा युकुलेलेचा एक मोठा आकार) बनवते, पण तो आपल्या आजच्या बजेटपलीकडचा आहे.

तारा आठ असल्या तरी बोटांना त्या चारच वाटतात, कारण दोन-दोन तारा शेजारी बसवलेल्या असतात आणि एका बोटाने दोन्ही दाबायच्या असतात. चार-तारीवर शिकलेले सी, एफ, जी-सेव्हन सगळे कॉर्ड (एकदम वाजवायचे स्वरसमूह) जसेच्या तसे चालतात. नेहमीची लावणी अशी: जीच्या जोडीत एक तार ३९२ हर्ट्झची आणि दुसरी तिच्या खालच्या सप्तकातली, १९६ची. सीच्या जोडीत एक सुमारे २६२ची आणि दुसरी वरच्या सप्तकातली, ५२३ची. ईच्या दोन्ही तारा एकाच सुरात, ३३०च्या आसपास. एच्या दोन्ही ४४०.

यातली सीची वरची तार नीट लक्षात ठेवा. मोकळी वाजवली की ती एच्या तारेपेक्षाही वर बोलते. आठ-तारीच्या आवाजात जी झळाळी असते ती मुख्यतः हिच्यामुळे, आणि जीच्या खालच्या तारेमुळे त्याला बूड मिळतं. पण ओळ एकेका सुराने छेडत वाजवायची असेल तर हीच वरची तार नको तिथे डोकं वर काढते. माझं मत स्पष्ट आहे: गाण्याच्या साथीला, झणकारून वाजवायला हे वाद्य फार सुंदर आहे. बारीक छेडकामासाठी चांगला चार-तारीच घ्यावा.

आठ हव्यातच का, हे आधी ठरवा

पहिलंच वाद्य म्हणून आठ-तारी घेऊ नका. दोन तारा एकदम दाबायला बोटाला जोर लागतो, आणि बी-फ्लॅटसारखा आडवं बोट टाकून धरायचा कॉर्ड नवशिक्याला रडवतो. चार-तारीवर पाच-सहा महिने रोज अर्धा तास बसला असाल, कॉर्ड बदलताना हात थांबत नसेल, तर पुढे जा. सूर जुळवायला कंटाळा येत असेल तरीही थांबा. इथे आठ खुंट्या आहेत आणि त्या प्रत्येक बैठकीला तुमचा वेळ मागतात.

फक्त खालचा भरणा हवा असेल तर चार-तारी टेनरवर जीची तार बदलून खालच्या सप्तकातली लावा. दोन-तीनशे रुपयांच्या आसपासचं काम आहे, आणि कित्येकांची तहान तेवढ्यावर भागते. मधला मार्ग सहा-तारीचा: त्यात सी आणि ए या दोनच जोड्या असतात, जी आणि ई एकेरी. मात्र 'सहा तारांचा युकुलेले' असं लिहून कितीतरी ठिकाणी गिटारलेले विकला जातो. त्याच्या सहाही तारा सुट्या असतात आणि कॉर्ड गिटारचे. फोटोत तारांमधलं अंतर बघा. समान अंतरावर सहा असतील तर तो गिटारलेले. आणि 'आठ तारा' म्हणजे वाद्यावरच्या चार आणि पाकिटात जादा चार, असंही निघू शकतं. शिरोभागावर खुंट्या मोजा, आठ दिसल्या पाहिजेत.

मॅन्डोलिनशीही गल्लत होते, कारण त्यालाही आठ तारांच्या चार जोड्या. पण त्या पोलादी असतात, सगळ्या जोड्या एकसुरी असतात आणि लावणी वेगळी. युकुलेलेवर पोलादी तारा कधीच चढवू नका. नायलॉनच्या ताणासाठी बनवलेली पातळ फळी त्याने फाटते.

आकार

इथे फार विचार करायचं कारण नाही. टेनर घ्या. मानेच्या टोकावरच्या नटपासून ब्रिजपर्यंत तार साधारण ४३ सेंटिमीटर असते. कॉन्सर्टची ३८ आणि सोप्रानोची ३३ ते ३५ असते, त्या लांबीवर आठ तारांना बोटं ठेवायला जागा पुरत नाही. बॅरिटोनची लावणी निराळी, त्यामुळे ते शिक्षण वेगळं होतं.

लाकूड, आणि सोलापूरचा उन्हाळा

परदेशातलं कुठलंही मार्गदर्शन वाचा, 'सॉलिड लाकूड घ्या' हा सल्ला पहिल्या पानावर असतो. आवाजाच्या दृष्टीने तो बरोबर आहे. पण आपण पर्जन्यछायेतल्या गावात राहतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडून बसतो, दुपारची हवा इतकी कोरडी होते की दोरीवरचं सोलापुरी टॉवेल तासाभरात कडक वाळतं. तीच हवा लाकडातलं पाणी ओढून घेते. एकसंध फळीला त्यात चीर पडू शकते. फिंगरबोर्ड, म्हणजे मानेवरची बोटं दाबायची पट्टी, आकसतो आणि तिच्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, म्हणजे फ्रेटची, टोकं कडेने बाहेर येऊन हाताला ओरखडतात.

त्यावर डेझर्ट कूलरची भर. दुपारी कूलरसमोर दमट हवा आणि रात्री पंख्याखाली पुन्हा कोरडी, असं रोजचं फुगणं-आकसणं लाकडाला सतत उन्हात ठेवण्याइतकंच त्रासाचं.

म्हणून आवाक्यातल्या किमतीत माझी पसंती लॅमिनेटला. पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे ते सहजी चिरत नाही. आवाज थोडा बंद वाटतो हे खरं, पण आठ तारा तो उणेपणा बराचसा भरून काढतात. एकट्या तारेचा आवाज फळीवर जितका अवलंबून असतो तितका जोडीचा झणकार राहत नाही. महोगनी, सपेली, अकेशिया यांपैकी काहीही चालेल. कोआ हे हवाईचं लाकूड फार मानाचं, पण स्वस्त वाद्यावर 'कोआ' लिहिलं असेल तर तो बहुतेकदा वरचा पातळ पापुद्रा असतो. त्याचे जादा पैसे देऊ नका.

मधली निवड म्हणजे वरची फळी सॉलिड आणि बाकी लॅमिनेट. वाद्य कायम पेटीत ठेवायची, उन्हाळ्यात ओलावा सांभाळायची शिस्त घरात असेल तरच ही घ्या.

ताण: इथेच खरी परीक्षा

माझं बालपण मागांच्या खडखडाटात गेलं. ताणा म्हणजे काय हे आपल्या गावात वेगळं समजावून सांगावं लागत नाही: सैल राहिला तर कापड बिघडतं, जास्त ओढला तर धागा तुटतो. युकुलेलेचंही तसंच. चार-तारी टेनरवर चारही तारा मिळून साधारण वीस किलोंचा ओढा असतो. तारा दुप्पट केल्या की ओढाही जवळजवळ दुप्पट. तो सगळा ब्रिजच्या डिंकावर आणि मानेवर येतो.

म्हणूनच चार-तारीला जादा खुंट्या बसवून आठ-तारी करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, मग कारागीर कितीही कुशल असो. आतल्या आधारपट्ट्या त्या ओढ्यासाठी लावलेल्याच नसतात.

बघायच्या जागा तीन. पहिली, ब्रिज. मागच्या कडेखाली कागदाचा कपटा सरकवून बघा, तो कुठेही आत शिरता कामा नये. पट्टी आडवी धरून ब्रिजमागची फळी बघा. हलकासा फुगवटा चालतो, पोट सुटल्यासारखं दिसलं तर वाद्य परत ठेवा. दुसरी, मान. तार पहिल्या आणि बाराव्या फ्रेटवर एकदम दाबा आणि मधे सहाव्याजवळ किती फट राहते ते बघा. एटीएम कार्डाच्या जाडीपेक्षा जास्त नको. बऱ्याच स्वस्त युकुलेलेंच्या मानेत ट्रस रॉड म्हणजे आतली पोलादी सळई नसते, त्यामुळे वाकलेली मान पुढे सरळ करायची सोय नसते. आठ-तारीत सळई असेल तर त्यासाठी थोडे जास्त पैसे देणं मला पटतं. तिसरी, मान आणि वाद्याच्या धडाचा सांधा. तिथे पॉलिशमध्ये केसासारखी रेघ दिसली तर पुढे बोलणंच नको.

खुंट्या, नट आणि जोड्यांमधलं अंतर

खुंट्या दात्यांच्याच हव्यात. नुसत्या घर्षणावर धरून राहणाऱ्या खुंट्यांवर आठ तारांची जुळणी म्हणजे छळ आहे. गिअरचं प्रमाण १४ला १ किंवा त्याहून जास्त असेल तर बारीक सरकवता येतं. प्रत्येक खुंटी अर्धा फेरा पुढे, अर्धा फेरा मागे फिरवा. फिरवण्याची दिशा बदलताना बोट फिरतं पण सूर हलत नाही, असा मोकळेपणा दोनापेक्षा जास्त खुंट्यांत आढळला तर तो युकुलेले जुळलेला राहणार नाही.

आठ खुंट्यांच्या वजनाने वाद्याचं डोकं जड होतं. बसून हात सोडून बघा, मान खाली झुकते का. झुकत असेल तर पट्ट्यासाठी बटण बसवलेलं आहे का ते पाहून घ्या.

नट म्हणजे तारा जिथून मानेवर उतरतात ती पांढरी पट्टी. तिच्या खाचा मागाच्या फणीसारख्या नेटक्या असाव्या लागतात. रुंदी ३८ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर बरं. एका जोडीतल्या दोन तारांमधे दोन ते तीन मिलिमीटर अंतर हवं. त्याहून जवळ आल्या तर वाजताना एकमेकींवर आपटतात, लांब गेल्या तर बोटाच्या एकाच टोकाखाली येत नाहीत. बोटं जाड असतील तर दुकानात डी मेजर धरून बघा. तीन बोटं एकाच फ्रेटवर दाटीने ठेवावी लागतात, त्यात जागा पुरते की नाही ते लगेच कळतं.

पैसे आणि खरेदीची जागा

साधा हिशेब: त्याच कंपनीच्या तशाच चार-तारी टेनरच्या दीडपट ते दुप्पट किंमत आठ-तारीला योग्य मानावी. आठ-तारी चार-तारीइतक्याच किमतीत मिळत असेल तर काटकसर कुठे झाली ते शोधा. बहुतेक वेळा खुंट्यांमधे झालेली असते. हाताशी वीस हजार असतील तर वाद्यावर सतरा-साडेसतराच घाला. उरलेले चांगल्या तारा, सेटअप (तारांची उंची आणि खाचा नीट करून घेणं) आणि जाड अस्तराच्या पिशवीसाठी लागतात, आणि या तीन गोष्टींशिवाय बाकीचे सतरा हजार पुरते वसूल होत नाहीत.

नावं विचाराल तर काला कंपनीचा केए-८ हा महोगनीचा आठ-तारी टेनर या वर्गात बराच ओळखीचा आहे, आणि ओहानाही आठ-तारी टेनर बनवते. आपल्याकडच्या ब्रँडचे चार-तारी युकुलेले भरपूर मिळतात, आठ-तारीबद्दल मात्र आधी फोन करून चौकशी करा. गावातल्या दुकानांत पेट्या, तबले, गिटार मिळतात, आठ-तारी युकुलेले तयार ठेवलेला असेल ही अपेक्षा धरू नका. पण त्याच दुकानदाराला मागवून द्यायला सांगता येतं. थोडे जास्त पैसे पडले तरी हातात घेऊन, तपासून, नाही पटला तर परत करण्याच्या बोलीवर घेणं मला ऑनलाइनपेक्षा बरं वाटतं. बोली तोंडी ठेवू नका, पावतीवर लिहून घ्या.

पुणं सकाळी जाऊन रात्री परत येण्याजोगं आहे. मुंबईला सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालात तर सकाळी सीएसएमटीला उतरून चालत धोबी तलाव गाठता येतो. तिथलं फुर्ताडोस हे वाद्यांचं जुनं दुकान आहे. जाण्याआधी फोनवर एकच प्रश्न विचारा: 'आठ-तारी आत्ता दुकानात आहे का, की मागवावा लागेल?' या प्रश्नाने माझी एक फेरी वाचली आहे.

परदेशातून थेट मागवताना पडद्यावरची किंमत अंतिम समजू नका. त्यावर कस्टम ड्युटी, आयजीएसटी आणि कुरिअरचा हाताळणी खर्च चढतो, आणि बिघाड निघाला तर परत पाठवण्याचा खर्च तुमच्याच खिशातून. विक्रेत्याकडून सगळं धरून घरपोच आकडा लेखी मागवा. नाही दिला तर सोडून द्या.

ऑनलाइन घेतलंच तर खोकं उघडतानाचा अखंड व्हिडिओ काढा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून. उन्हाळ्यात आलेलं खोकं लगेच फोडू नका, पाच-सहा तास घरातल्या हवेत राहू द्या. परत करण्याची मुदत किती दिवसांची ते आधी वाचा आणि खालची सगळी तपासणी त्या मुदतीत उरका. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

जुना युकुलेले मिळाला तर आनंदाने बघा. दोन उन्हाळे काढूनही ज्याचा ब्रिज जागेवर आणि मान सरळ आहे, त्याने आपली परीक्षा आधीच दिलेली असते. फक्त तारा नव्या धरून भाव करा.

जोड तपासण्याची पद्धत

मोबाइलवर क्रोमॅटिक ट्यूनर (कुठलाही सूर ओळखून दाखवणारं ॲप) घ्या, किंवा शिरोभागाला चिमट्यासारखा लावायचा घ्या. गजबजलेल्या दुकानात चिमट्याचाच उपयोग, कारण तो आवाजाऐवजी लाकडाचं कंपन ओळखतो.

प्रत्येक जोडीतली एकच तार आधी लावा. दुसरीखाली कापडाची बारीक घडी सरकवून तिला गप्प ठेवा. चारही लागल्या की घड्या काढा आणि दुसऱ्या तारा पहिलीवर कानाने मिळवा. एकसुरी जोडीत दोन तारा किंचित वेगळ्या असतील तर आवाज लाटांसारखा वर-खाली होतो. एक ४४० आणि दुसरी ४४२ असेल तर सेकंदाला दोन लाटा. लाटा मंदावत मंदावत थांबल्या की जोड लागली. सप्तकाच्या जोडीत खालची तार बाराव्या फ्रेटवर दाबून वरच्या मोकळ्या तारेशी मिळवून ऐका.

आता खरी तपासणी. बाराव्या फ्रेटवर एकेक तार सुटी दाबा, ट्यूनर बघा. मोकळ्या सुराच्या बरोबर वरच्या सप्तकात ती यायला हवी. एका अर्धस्वराचे शंभर भाग म्हणजे सेंट. पाच सेंटपर्यंतचा फरक उत्तम, दहापर्यंतचा या किमतीत सोसावा, त्यापुढे नाही. सप्तकाच्या जोड्यांत एक तार जाड आणि एक बारीक असल्यामुळे सरळ सॅडलवर (ब्रिजमधली, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) दोघी तंतोतंत बसत नाहीत, जाड तार थोडी चढी लागते. तिथे बाराव्यापेक्षा पहिल्या पाच फ्रेटवर जास्त लक्ष द्या, साथ तिथेच वाजते.

पहिल्या फ्रेटवर प्रत्येक जोडी दाबा. सगळ्याच चढ्या येत असतील तर नटच्या खाचा उथळ आहेत. हा दोष दुरुस्त होतो, त्यामुळे याच्यावर वाद्य नाकारू नका, भाव कमी करून घ्या. बाराव्यावरचा दोष मात्र ब्रिजच्या जागेचा असू शकतो आणि तो स्वस्तात सुटत नाही. सगळ्या तपासणीत मी सर्वात जास्त वजन याला देते.

मग प्रत्येक फ्रेटवर खरखर ऐका. शेवटी दहा मिनिटं जोराने झणकारून वाजवा आणि जोड्या पुन्हा ऐका. नव्या नायलॉनच्या तारा आठवडा-दहा दिवस ताणत राहतात, तेव्हा सगळ्या थोड्या उतरल्या तर काळजी नको. एखादीच खूप उतरली तर ती खुंटी तपासा.

सेटअप

बाराव्या फ्रेटपासून तारेची उंची अडीच ते तीन मिलिमीटर हवी. एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटरचं असतं. चार कार्डांची चळत तारेखाली जेमतेम सरकली तर उंची बरोबर. उंची एक मिलिमीटरने उतरवायची तर सॅडल तळाकडून दोन मिलिमीटर घासावा लागतो. तो काढून सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासा, थोडं घासून पुन्हा बसवून बघा. घासलेलं परत येत नाही.

नटच्या खाचा स्वतः खोल करू नका, प्रत्येक खाचेला तारेच्या जाडीची कानस लागते. मी माझा युकुलेले मिरजेला नेला. कुर्डुवाडी, पंढरपूर करत गाडी जाते. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या गल्लीतल्या माणसांचा कान त्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. जवारी काढणाऱ्या, म्हणजे तार टेकते ती घोडी घासून सूर खुलवणाऱ्या कारागिराला तार कुठे टेकते हे बोट लावून कळतं. युकुलेले त्यांच्या रोजच्या कामातला नाही, म्हणून आधी विचारून जा, आणि पहिल्या फ्रेटवर सूर किती चढतो ते ट्यूनरवर दाखवा. तेवढ्यावर त्यांना काम समजतं.

तार लावताना नटमधे कट् कट् आवाज येऊन सूर उडी मारत असेल तर खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा.

काळी एक, काळी दोन

आपल्याकडची साथ गाणाऱ्याच्या पट्टीवर चालते. नेहमीच्या लावणीत सीचे कॉर्ड म्हणजे पांढरी एक. काळी एक हवी तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (मानेवर चिमटून सगळ्या तारा एकदम दाबणारी पट्टी), काळी दोनला तिसऱ्यावर. आठ-तारीवर कॅपो बारकाईने निवडा. जोडीतल्या तारा कमी-जास्त जाडीच्या असल्याने कडक रबराखाली बारीक तार सैल राहते. मऊ आणि जाड रबराचा, स्क्रूने घट्ट करता येणारा घ्या.

आमच्या भजनी मंडळात वापरते ती युक्ती इथे देते. सगळ्या आठ तारा एक पूर्ण स्वर खाली लावा. वाद्यावरचा ओढा साधारण वीस टक्क्यांनी उतरतो, बोटं कमी दुखतात, ब्रिजला आराम. नेहमीची पट्टी हवी तेव्हा दुसऱ्या फ्रेटवर कॅपो. मार्च ते जून मी वाद्य अशाच लावणीत ठेवते.

उन्हाळा आणि जादा तारा

चाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता लाकडाला मानवते. छोटा डिजिटल आर्द्रतामापक पिशवीत ठेवा. आकडा पस्तीसच्या खाली गेला की साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात घट्ट पिळलेला ओला स्पंज घाला आणि डबी पिशवीत ठेवा. पाणी टिपकता कामा नये. वाद्य गच्चीकडच्या भिंतीला टांगू नका, कूलरच्या झोतात ठेवू नका, आणि उन्हात उभ्या गाडीत पाच मिनिटांसाठीही सोडू नका. ब्रिजचा डिंक तिथेच सुटतो.

तारांसाठी आठ-तारी टेनरचा तयार संच घ्या, इटलीच्या अक्विला कंपनीचा मिळतो. दोन साधे चार-तारी संच एकत्र केले तर दोन तारा चुकीच्या निघतात: जीची खालची आणि सीची वरची. यातली सीची वरची तार सगळ्यात बारीक आणि सगळ्यात ताणलेली, तीच आधी तुटते, बहुधा लावताना. खुंटी चुकून शेजारची फिरवली, आवाज हलत नाही म्हणून आणखी फिरवली, आणि तार गेली. म्हणून खुंटी फिरवताना दुसऱ्या हाताने तीच तार छेडत राहा. शिवाय संच मागवताना एकाऐवजी दोन मागवा आणि त्या बारीक तारेची सुटी पाकिटं पिशवीच्या खिशात कायम ठेवा. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, कार्यक्रमाच्या तासभर आधी नवी पेठेत ती तार मिळणार नाही.